एका जुन्या फाईलचा शोध

लॉस एंजेलिस शहरात एक मनुष्य बाँब पेरीत हिंडतो आहे, पोलीस त्याच्या मागावर आहेत, आणि त्याला ओळखू शकेल असा एकुलता एक साक्षीदार स्वतःच स्त्रियांवर अत्याचार करणारा नराधम आहे! १९७३ साली बर्ट गॉर्डन या दिग्दर्शकाने या कथेवर 'द मॅड बॉम्बर', म्हणजे 'माथेफिरू बाँबवाला', या नावाचा चित्रपट काढला. थोड्या पैशांत काढलेला आणि रक्त व अंगप्रदर्शन यांवर गल्ला जमविणारा चित्रपटांचा जो एक वर्ग त्या काळी अमेरिकेत बोकाळला होता, त्यातलाच हा एक. तो पाहिलाच पाहिजे असा आमचा मुळीच आग्रह नाही. परंतु त्याचे नाव मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. हे नाव न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांनी पूर्वीच एका खऱ्या मनुष्याला देऊन ठेवले होते, आणि योगायोग असा की त्याच १९७३ सालच्या डिसेंबरात तो मनुष्य वेड्यांच्या इस्पितळातून सुटून घरी आला. चित्रपटातला बाँबवाला आपल्या मुलीच्या मृत्यूचा सूड घेतो. खऱ्याची कथा एका फेटाळलेल्या अर्जापासून सुरू होते.

त्याचे नाव जॉर्ज मेटेस्की. राहणार वॉटरबरी, कनेटिकट. न्यूयॉर्कच्या हेलगेट वीजकेंद्रात तो यंत्रे पुसण्याच्या कामावर होता. ५ सप्टेंबर १९३१ रोजी तेथील बॉयलरमधून गरम वायूचा लोट उलटा आला आणि तो त्याच्या छातीत गेला. पुढे न्यूमोनिया झाला, त्यातून क्षय जडला. कंपनीने सव्वीस आठवडे आजारपणाचा पगार दिला आणि मग नोकरी संपली. नुकसानभरपाईसाठी त्याने अर्ज केला, तो मुदतीनंतर आला म्हणून नामंजूर झाला. अपिले केली, तीही १९३६ पर्यंत एकामागून एक फेटाळली गेली. दुखणे खरे की खोटे या प्रश्नापर्यंत प्रकरण पोहोचलेच नाही. ते तारखेवरच अडले. आपल्याकडील १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातही मुदत घातलेली होतीच. पण सबळ कारण असल्यास उशीर माफ करण्याचा अधिकारही आयुक्ताला होता. कायदा करणाऱ्याला आजारी मनुष्याची थोडी कल्पना असली म्हणजे अशी एखादी ओळ कलमात येते.

मेटेस्कीची कंपनी पुढे 'कॉन एडिसन' या बड्या वीजकंपनीत सामील झाली, आणि त्याचा सगळा राग या नव्या नावावर जाऊन बसला. १६ नोव्हेंबर १९४० रोजी या कंपनीच्या एका इमारतीच्या खिडकीत एक नळीबाँब सापडला. तो उडाला नव्हता. त्याभोवती चिठ्ठी गुंडाळलेली होती. तीत कंपनीला लुच्चे म्हटले होते. पोलीस कोड्यात पडले. बाँब उडाला असता तर चिठ्ठीही जळून गेली असती; मग ती लिहिली कोणासाठी? आमच्या मते या पहिल्या चिठ्ठीतच साऱ्या प्रकरणाची किल्ली होती. या मनुष्याला स्फोटापेक्षा वाचक हवा होता.

पुढच्या वर्षी दुसरा बाँब सापडला. मग अमेरिका युद्धात उतरली, आणि पोलिसांना मोठ्या अक्षरांत लिहिलेले एक विलक्षण पत्र आले: देशप्रेमास्तव युद्ध संपेपर्यंत आपण बाँब करणार नाही, कंपनीचा हिशेब त्यानंतर चुकता करू. सही होती 'एफ. पी.'. आणि गृहस्थाने शब्द पाळला! युद्ध संपून साडेपाच वर्षे उलटेपर्यंत तो गप्प होता. २९ मार्च १९५१ रोजी ग्रँड सेंट्रल स्टेशनात स्फोट झाला आणि दुसरे पर्व सुरू झाले.

हे दुसरे पर्व भीषण होते. आता बाँब कंपनीच्या दाराशी नव्हते, लोकांच्या पायाशी होते. लोखंडी नळी, बंदुकीची दारू, खिशातले घड्याळ आणि बॅटरीचे सेल. नेण्याआणण्यासाठी लोकरी मोजा. चित्रपटगृहात खुर्चीची गादी चाकूने फाडायची आणि आत बाँब सरकवायचा. ७ नोव्हेंबर १९५४ रोजी रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये सहा हजारांवर प्रेक्षक बसले असताना अशी एक खुर्ची फुटली. चौघे जखमी झाले. १९५६ च्या फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनिया स्टेशनच्या शौचालयात काम करणारा चौऱ्याहत्तर वर्षांचा एक वृद्ध अशा स्फोटाने गंभीर जखमी झाला. एकंदर तेहतीस बाँब, त्यांपैकी बावीस उडाले, पंधरा माणसे जखमी झाली. मेले कोणी नाही, हे नशीब. मेटेस्कीची कैफियत ऐकताना ज्यांचे मन द्रवते (आमचेही द्रवते), त्यांनी या शौचालयातल्या म्हाताऱ्याला क्षणभरही दृष्टीआड करू नये. त्याने कोणाचा अर्ज फेटाळला होता? तोही कामगारच होता, आणि कामावरच जायबंदी झाला.

२ डिसेंबर १९५६ रोजी ब्रुकलिनच्या पॅरामाउंट चित्रपटगृहात सहाजण जखमी झाले, तेव्हा शहर हादरले. पोलीस आयुक्त केनेडी यांनी सारे खाते या शोधाला जुंपले. आणि येथे डॉ. जेम्स ब्रसेल या मानसोपचारतज्ज्ञांचा प्रवेश होतो. पोलिसांनी पत्रे व छायाचित्रे त्यांच्यापुढे ठेवली, आणि डॉक्टरांनी न पाहिलेल्या गुन्हेगाराचे वर्णन केले. पुढे १९६८ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी ते असे रंगविले की वाचणाऱ्याने थक्कच व्हावे: मनुष्य स्लाव्ह वंशाचा असेल, भावाकडे किंवा बहिणीकडे राहत असेल, आणि पकडाल तेव्हा दुहेरी छातीचा कोट घालून असेल, बटणे लावलेली! गुन्हेगाराचे मानसचित्र काढण्याचे जे शास्त्र पुढे उदयास आले, त्याच्या आरंभी ही कथा हटकून सांगतात.

परंतु पुढे अभ्यासकांनी १९५६ च्या डिसेंबरातली वृत्तपत्रे काढून पाहिली, तेव्हा डॉक्टरांचे मूळ भाकीत बरेच वेगळे निघाले. जन्म आणि शिक्षण जर्मनीत, वय चाळीस ते पन्नास, चेहऱ्यावर व्रण, रात्रपाळीची नोकरी, राहणार व्हाइट प्लेन्सच्या बाजूचा. मेटेस्कीचे वय त्रेपन्न होते, चेहऱ्यावर व्रण नव्हता, आणि नोकरीच तर गेलेली होती. पोलिसांनी मात्र व्हाइट प्लेन्सच्या बाजूची दप्तरे उलथीपालथी केली. ज्योतिष्याने दहा गोष्टी सांगाव्यात आणि खरी ठरलेली एक आपण जन्मभर सांगत फिरावे, हा प्रकार आपल्या गावांना अपरिचित नाही. डॉक्टरांनी वर्णन जाहीर करण्याचा सल्ला दिला, तो मात्र उपयोगी पडला.

वर्णन छापून आले. दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, 'जर्नल-अमेरिकन' या पत्राने बाँबवाल्याला जाहीर आवाहन केले की शरण ये, तुझी तक्रार आम्ही छापू. आणि त्याने उत्तर पाठविले! सोळा वर्षांत प्रथमच त्याला कोणी तरी 'तुझे म्हणणे काय' असे विचारले होते. मग पत्रांमागून पत्रे आली: कामावर अपघात, कायमचे अपंगत्व, भरपाईस नकार. शेवटी तर त्याने अपघाताची तारीखच लिहून दिली.

ती तारीख छापली जाण्याआधीच काम झाले होते. १८ जानेवारी १९५७ रोजी कॉन एडिसनच्या कचेरीतील एक स्त्री कारकून जुन्या नुकसानभरपाईच्या फायली चाळीत बसली होती. एका फाईलवर तिला तांबड्या शाईत दोन शब्दप्रयोग दिसले, 'अन्याय' आणि 'कायमचे अपंगत्व'. आतली पत्रे आणि वृत्तपत्रातली पत्रे, भाषा तीच! नाव, मेटेस्की, वॉटरबरी. या शोधासाठी सव्वीस हजार डॉलरांचे बक्षीस लागलेले होते. आपण आपले काम केले, असे सांगून त्या बाईंनी ते नाकारले. पोलिसांची मागाहून तक्रार अशी की १९४० पूर्वीची दप्तरे नष्ट झाली, असे कंपनीने आपल्याला सांगितले होते. शहरभर माणसे धावत होती, आणि कागद कंपनीच्याच कपाटात पडून होता.

२१ जानेवारीच्या मध्यरात्रीच्या सुमारास पोलीस वॉटरबरीला पोहोचले. दार उघडणारा मनुष्य पायजम्यात होता, नम्र होता, आणि दोन अविवाहित बहिणींबरोबर राहत होता. कपडे करून या म्हटल्यावर तो दुहेरी छातीचा कोट घालून, बटणे लावूनच बाहेर आला. एवढे श्रेय डॉक्टरांच्या आख्यायिकेला द्यावे लागते. 'एफ. पी.' म्हणजे काय, असे विचारता त्याने सांगितले, 'फेअर प्ले'. न्यायाची वागणूक. महापौरांना, पोलीस आयुक्तांना, वृत्तपत्रांना आपण नऊशे पत्रे लिहिली, एका पैशाचे कार्डही उलट आले नाही, असे त्याचे म्हणणे होते. नऊशे हा आकडा त्याचाच. तो आम्ही तोलून पाहू शकत नाही.

खटला चालला नाही. १९५७ च्या एप्रिलमध्ये न्यायाधीशांनी त्याला वेडा ठरवून मॅटिवानच्या इस्पितळात धाडले. क्षयाने तो तेव्हा इतका खंगला होता की फार तर काही आठवडे जगेल, अशी अपेक्षा होती. त्यानंतर तो सदतीस वर्षे जगला. १९७३ साली सुटल्यावर वॉटरबरीच्या घरी परतला, आणि २३ मे १९९४ रोजी, नव्वदाव्या वर्षी, तेथेच वारला.