टेस्टोस्टेरॉनच्या पोटी इस्ट्रोजेन

1934 साली ‘नेचर’मध्ये बर्नहार्ड झोंडेक यांचं एक छोटं टिपण आलं आणि संप्रेरकांचे अभ्यासक कोड्यात पडले. नाझींमुळे बर्लिन सोडावं लागलेले हे ज्यू डॉक्टर तेव्हा स्टॉकहोममध्ये काम करत होते. खच्ची न केलेल्या नर घोड्याच्या मूत्रात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक भरभरून आहे आणि त्याच्या वृषणातही त्याचा मोठा साठा आहे, असं त्यांना आढळलं होतं.

तेव्हाची परीक्षा साधी होती. बीजकोश काढलेल्या उंदराच्या मादीला अर्क टोचायचा आणि तिच्या योनीमार्गातल्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. चपट्या, केंद्रक गळालेल्या पेशी दिसल्या की अर्कात इस्ट्रोजेन आहे. पुरुषांच्या लघवीनेही ही परीक्षा 1927 सालीच पार केली होती; पण त्यातलं इस्ट्रोजेन अन्नातून आलं असेल, असाही तर्क केला गेला. झोंडेक यांच्या घोड्यानंतर तो तर्क टिकणं अवघड झालं.

मग ते येतं कुठून? 1937 साली युजेन स्टाइनाख आणि हाइनरिख कुन यांनी पुरुषांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक टोचलं, तर त्यांच्या लघवीतलं इस्ट्रोजेन वाढलं. कुळाचा धागा इथे हाती लागला. पुढे 1959 साली केनेथ रायन यांनी मानवी वारेतल्या पेशींमध्ये पुरुष-संप्रेरकांचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर कसं होतं ते दाखवलं. हे रूपांतर घडवणाऱ्या एन्झाइमला आज अरोमाटेज म्हणतात.

पुरुषाच्या शरीरात हे काम जन्मभर चालतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी इशारा देते आणि वृषणातल्या लायडिग पेशी कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन बनवतात. कोलेस्टेरॉलमध्ये कार्बनचे 27 अणू असतात, टेस्टोस्टेरॉनमध्ये 19. अरोमाटेज त्यातला आणखी एक काढतं, एका कड्याची ठेवण बदलतं आणि 18 कार्बनचं इस्ट्रॅडिओल तयार होतं. पुरुषाच्या इस्ट्रॅडिओलपैकी जेमतेम पाचवा हिस्सा थेट वृषणातून येतो. बाकीचं चरबी, त्वचा, स्नायू, हाडं आणि मेंदू इथे घडतं. दिवसाकाठी मिलिग्रॅमचा काही शतांश भाग, एवढंच त्याचं माप.

एवढंसं इस्ट्रोजेन काय करतं, ते 1994 साली कळलं. अमेरिकेतला 28 वर्षांचा एक पुरुष, उंची 204 सेंटिमीटर, आणि तरीही वाढतच होता. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं, इस्ट्रोजेनही होतं. पण जनुकातल्या बिघाडामुळे शरीर त्याला दाद देत नव्हतं. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या मिटल्याच नव्हत्या आणि हाडं ठिसूळ होती. 1997 साली अरोमाटेज नसलेल्या दुसऱ्या एका पुरुषाची हकिगत आली. टेस्टोस्टेरॉन देऊन त्याच्या हाडांत फरक पडला नाही. इस्ट्रॅडिओल दिल्यावर वाढीच्या पट्ट्या मिटल्या आणि हाडं भरली. पुरुषाचा सांगाडा इस्ट्रोजेनशिवाय पक्का होत नाही, हे यातून ठरलं.

अतिरेकही मारक. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत नफिसा बालासिनोर यांच्या गटाने नर उंदरांना जास्तीचं इस्ट्रॅडिओल दिलं, तेव्हा तयार शुक्राणू वृषणातून सुटेनासे झाले.

हे सगळं छत्रपती संभाजीनगरच्या घराघरांत पोहोचायला हवं. वयात येणाऱ्या मुलाच्या स्तनाग्राखाली दुखरी गाठ येते, तो शर्ट काढायला लाजतो, कुणाला सांगत नाही. निम्म्याहून अधिक मुलांना हे कमी-अधिक होतं. टेस्टोस्टेरॉन पुरतं वाढेपर्यंत इस्ट्रोजेनचं पारडं थोडं जड असतं, इतकंच. बहुतेकांची गाठ वर्षा-दोन वर्षांत विरते. मोठेपणी गाठ आली, तर मात्र यकृताचा आजार, एखादं औषध, क्वचित वृषणाची गाठ यांपैकी कारण असू शकतं. तेव्हा संकोच न करता घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे दाखवावं.

आणि सिडकोपासून वाळूजपर्यंत जिममध्ये घाम गाळणाऱ्या पोरांना एक कळकळीचं सांगणं. दंड फुगवायला कुणाच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉन टोचून घेणं म्हणजे 1937 चा तोच प्रयोग स्वतःवर करणं. टोचलेल्यातलं काही अरोमाटेज इस्ट्रोजेन करून टाकतं आणि छाती सुटते. उलट इस्ट्रोजेन दाबायच्या गोळ्या घेतल्या, तर हाडांचा आधारच काढून घेतला जातो. शरीर हा तोल स्वतः राखतं. बिनसलाच, तर तो तपासणं डॉक्टरांचं काम आहे.