पित्त उठलं म्हणजे नेमकं काय झालं? एका पेशीचा दीडशे वर्षांचा इतिहास

आज राजे नाहीत, लढाया नाहीत. आज एका पेशीचा इतिहास सांगायचाय.

सुरुवात आपल्याच भाषेपासून करू. आमच्या हिंगोलीकडे छातीत जळजळ झाली की म्हणतात 'पित्त झालं'. अंगावर लाल गांधी आल्या, खाज सुटली की म्हणतात 'पित्त उठलं'. पहिल्यावर थंड दूध, दुसऱ्यावर आमसुलाचं पाणी. त्रास दोन, शब्द एक. आयुर्वेदातही अशा गांधींना शीतपित्त म्हणतात, माधवनिदानात त्यावर वेगळं प्रकरणच आहे. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता १८७८. जर्मनीत लायपझिगला पॉल एर्लिख नावाचा २४ वर्षांचा पोरगा डॉक्टरकीचा प्रबंध लिहितोय. कापड रंगवायला तेव्हा अ‍ॅनिलिनचे नवे रंग निघाले होते. हा पठ्ठ्या ते रंग शरीरातल्या पेशींना लावून बघायचा. काही पेशींत त्याला दाणेच दाणे दिसले. त्याला वाटलं, या खाऊन-पिऊन तट्ट फुगल्यात. जर्मनमध्ये 'मास्ट' म्हणजे जनावर धष्टपुष्ट करायला घातलेला चारा. म्हणून नाव पडलं मास्ट सेल. खरं तर ते दाणे खाल्लेले नव्हते, पेशीनेच बनवलेले होते. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. (चुकीच्या नावाचं व्हेरिएबल एकदा प्रॉडक्शनला गेलं की कोण बदलतंय?)

दाण्यांत काय आहे हे कळायला ७५ वर्षं गेली. मधल्या काळात धागे वेगवेगळ्या लोकांच्या हातात होते. १९०२ मध्ये फ्रान्सच्या रिशे आणि पोर्तिए यांनी कुत्र्यांना समुद्री जीवाचं विष टोचलं. पहिल्या डोसातून वाचलेला कुत्रा काही आठवड्यांनी अगदी थोड्या डोसाने काही मिनिटांत मेला. याला त्यांनी अ‍ॅनाफिलॅक्सिस नाव दिलं, आणि १९१३ चं नोबेल रिशेला मिळालं. १९१० मध्ये इंग्लंडात डेल आणि लेडलॉ यांनी दाखवलं की हिस्टामिन नावाचं रसायन टोचलं तरी जनावराची अवस्था बरीचशी तशीच होते. पण शरीरात हे हिस्टामिन साठतं कुठे? १९५३ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीत रायली आणि वेस्ट यांनी उत्तर दिलं: एर्लिखच्या त्या 'फुगलेल्या' पेशींत.

आता पित्ताकडे परत येऊ. १९४० च्या दशकात अँटिहिस्टामिन गोळ्या बाजारात आल्या. त्यांनी खाज थांबायची, गांधी बसायच्या. पण हिस्टामिनने पोटात आम्लही वाढतं हे तोवर माहीत होतं, आणि ते मात्र या गोळ्यांना जुमानत नव्हतं. जेम्स ब्लॅकने १९७२ मध्ये सिद्ध केलं की हिस्टामिनला शरीरात दुसरं कुलूपही आहे, एच-२. त्यातून अ‍ॅसिडिटीची नवी औषधं निघाली, आणि १९८८ च्या नोबेलमध्ये ब्लॅकचाही वाटा होता. म्हणजे 'पित्त झालं' आणि 'पित्त उठलं', दोन्हीमागे एकच रसायन निघालं! लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. पोटातलं हिस्टामिन मुख्यतः वेगळ्या पेशींतून येतं, आणि आयुर्वेदातलं पित्त ही कल्पनाच निराळी आहे. हा योगायोग आहे, पण मला आवडलेला.

आता मुद्द्याचं. काही माणसांत मास्ट सेल उगाचच, किंवा क्षुल्लक कारणाने, पुन्हा पुन्हा फुटतात. गांधी, जुलाब, धाप, बीपी एकदम खाली, सगळं एकत्र. याला मास्ट सेल अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोम म्हणतात. माझी एक आत्या वसमतकडची आहे. हळद शिजवायच्या दिवसांत, कढईच्या वाफेजवळ, तिला दोनदा असं झालं. दवाखान्यात पोचून तपासणी होईपर्यंत दुसरा दिवस उजाडायचा, रिपोर्ट नॉर्मल. एका डॉक्टरांनी 'टेन्शन घेता तुम्ही' म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. तिला हाच आजार आहे असा माझा दावा नाही. पण रिपोर्ट का नॉर्मल येऊ शकतो, ते इतिहासात आहे.

हिस्टामिन रक्तात काही मिनिटंच टिकतं, ते पकडणं अवघड. १९८७ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स श्वार्ट्झ यांच्या गटाने ट्रिप्टेज हे मास्ट सेलचंच दुसरं द्रव्य रक्तात मोजून दाखवलं. ते काही तास टिकतं. २०१२ मध्ये तज्ज्ञांनी एकत्र येऊन निदानाच्या तीन अटी छापल्या: एकाहून जास्त अवयवांत वारंवार झटके, झटक्याच्या वेळी ट्रिप्टेजमध्ये ठरावीक वाढ, आणि औषधाने फरक. वाढीचा हिशोब असा: बरं असतानाच्या आकड्याची १.२ पट, अधिक २.

आकडे घालून बघा. समजा एरवीचा आकडा ४. मग मर्यादा झाली ६.८. झटक्यात १० आला तर अट पूर्ण. पण लॅबच्या कागदावर साधारण ११.४ पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं, म्हणजे या १० पुढेही नॉर्मलच लिहून येणार! एक नमुना झटका सुरू झाल्यापासून साधारण चार तासांच्या आत, दुसरा पूर्ण बरं वाटल्यावर, किमान २४ तासांनी. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय अर्थ लागत नाही. आमच्याकडे ही तपासणी गावात होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो. पण रक्त वेळेत काढून ठेवणं तालुक्यालाही जमतं, फक्त सांगणारा पाहिजे.

डॉक्टरांतही यावर वाद आहे. एक गट म्हणतो, या अटी फार कडक, खरे रुग्ण सुटतात. दुसरा म्हणतो, सैल केल्या तर प्रत्येक थकव्याला हेच नाव लागेल. मला दुसऱ्या गटाचं जास्त पटतं, कारण हे लेबल चुकीचं लागलं तर खरा आजार शोधायचा राहून जातो.

उपचारात एच-१ आणि एच-२ दोन्ही गोळ्या बहुधा एकत्र देतात, म्हणजे पित्ताची दोन्ही औषधं. गरजेप्रमाणे माँटेलुकास्ट, क्रोमोलिन, ओमालिझुमॅब. कारण सापडलं तर ते टाळायचं: उष्णता, गांधीलमाशी, काहींना पेनकिलर. मात्र बीपी कोसळलं, श्वास अडकला, तर गोळीची वाट बघायची नाही. तेव्हा लागतं अ‍ॅड्रेनलिन, मांडीच्या स्नायूत. त्याची साधी अँप्युल स्वस्त असते, आणि लसीकरणाच्या ठिकाणी ठेवतात त्या अ‍ॅनाफिलॅक्सिस किटमध्येही असते.