प्रतिकृतीतून व्यक्तिचित्रण : अजिंठ्यापासून गोपाळ देऊस्करांपर्यंत

महाराष्ट्राच्या आधुनिक कलेतिहासात 'नक्कल' हा शब्द बहुधा दूषण म्हणूनच योजला जातो. वसाहतकालीन कलाशिक्षणाने पाश्चात्त्य नमुन्यांची नक्कल शिकविली, हे विधान इतके रूढ झाले आहे की, पूर्वसूरींच्या चित्रावरून प्रतिकृती करणे ही एक शिक्षणपद्धतीही होती, याचे विस्मरण होते. प्रस्तुत लेखात तैलरंगातील व्यक्तिचित्रणाच्या अनुषंगाने तिचा विचार केला आहे.

तैलचित्र हे थरांचे काम असते. खालचे थर पातळ, वरचे अधिक तेलयुक्त आणि त्यांवर पारदर्शक रंगाचे विरळ लेप, अशा क्रमाने चेहऱ्याची कांती सिद्ध होते. प्रतिकृती करणाऱ्यास हा क्रम उलट दिशेने उलगडावा लागतो. म्हणूनच त्याला मूळ चित्रासमोर उभे राहणे आवश्यक असते. छापील चित्रातून रेखन आणि रचना कळते, थर कळत नाहीत. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ग्रीक शिल्पांच्या प्लॅस्टर प्रतिकृतींवरून रेखन करविले जाई. त्यातून घडण आणि छायाप्रकाश यांचे ज्ञान होई. पण रंगलेपनाचे मर्म प्लॅस्टरमध्ये कोठून सापडणार? दक्षिणेत राजा रविवर्मा यांनाही थिओडोर जेन्सन याचे काम केवळ पाहण्याचीच मुभा मिळाली होती.

या संस्थेचा प्राचीन चित्रांच्या प्रतिकृतींचा सर्वांत मोठा उपक्रम मात्र युरोपीय चित्रांवर आधारलेला नव्हता, ही बाब लक्षणीय आहे. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या, त्याही प्रामुख्याने कॅनव्हासवर तैलरंगात. भिंतीवरील अपारदर्शक रंगांचा परिणाम तेलात साधण्याची ही कसरत होती. तीत सहभागी असलेल्या पेस्तनजी बोमनजी यांनी व्हॅलेंटाइन प्रिन्सेप यांच्याकडून तैलव्यक्तिचित्रणाचे धडे घेतले आणि पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून लौकिक मिळविला. या उपक्रमाची किंमतही मोजावी लागली. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर लावलेले व्हार्निश पुढे पिवळे पडले, आणि लंडनला पाठविलेल्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. मेजर रॉबर्ट गिल यांच्या आधीच्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्याच.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १९११ मध्ये जन्मलेल्या गोपाळ दामोदर देऊस्करांचा प्रवास या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. त्यांचे काका रामकृष्ण वामन देऊस्कर हैदराबादचे चित्रकार होते. घरातच तैलरंगाची परंपरा असणे ही त्या काळी फार थोड्यांच्या वाट्याला येणारी गोष्ट होती. जे. जे. स्कूलमधील शिक्षणानंतर ते लंडनच्या रॉयल अकादमीत गेले. डलविच येथील संग्रहातून जुन्या चित्रकारांची मूळ चित्रे प्रतिकृतींसाठी उसनी आणण्याचा प्रघात या अकादमीत १९ व्या शतकापासूनच होता. मुंबईत शिकणाऱ्याला दुर्लभ असलेला हा शेजार, प्रस्तुत लेखकाच्या मते, तेथील कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाचा होता.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात, जे १९६८ मध्ये सुरू झाले, देऊस्करांनी रंगविलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रे आहेत. एक पुरुषवेषातील, दुसरे स्त्रीभूमिकेतील. चेहरा एकाच माणसाचा, परंतु दोन्हींतील भाव निराळा. त्यांच्या छापील प्रती अनेकांनी पाहिल्या असतील. थर पाहायचे तर मात्र रंगमंदिरातच जावे लागते.