ज्याच्या खांद्यावर बंदूक

बी.कॉम. झालेल्या माणसाला जगात घसाऱ्याशिवाय काही दिसत नाही. शेजाऱ्यांनी नवा पंखा आणला की त्यांना वारा लागतो, मला घसारा लागतो. ‘जुने द्या, नवे घ्या’ अशी पाटी दिसली की माझं मन आपोआप खतावणी उघडतं. जुन्याची किंमत काय धरली? वर किती मोजायचे? आणि मुख्य म्हणजे, सौदा ठरवणार कोण? प्रेशर कुकरच्या बाबतीत आमच्या घरी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कायमचं ठरलेलं आहे आणि ते मी नाही. पण एका वस्तूच्या अदलाबदलीपायी इतिहासात राज्यं हललेली आहेत. ती वस्तू म्हणजे बंदूक. आणि गंमत अशी की ती ज्याच्या खांद्यावर असते, त्याला हा प्रश्न सहसा कोणी विचारलेलाच नाही.

सुरुवात घरच्याच माणसापासून करू. पूर्वी आपल्याकडे तोड्याची बंदूक असे. तोडा म्हणजे पेटती वात. ती दारूला लागली की बार उडायचा. आता आषाढात रत्नागिरीत जिथे काडेपेटी पेटत नाही, तिथे तोडा काय पेटणार? साहेबाची बंदूक चकमकीची होती, गारेच्या ठिणगीवर उडणारी. पानिपतातून जायबंदी पाय घेऊन परतलेल्या महादजी शिंद्यांनी १७८४ साली द बॉइन नावाचा फिरंगी नोकरीला ठेवला आणि कवायती पलटणी उभ्या केल्या. आग्र्याला बंदुका-तोफांचा कारखाना काढला. १७९० साली पाटण आणि मेडता इथे या पलटणींनी मैदान मारलं. जुनं देऊन नवं घेण्याचा हा सौदा धन्याने स्वतः, डोळे उघडे ठेवून केला होता.

फक्त एक कलम बारीक अक्षरात होतं. बंदूक आपली, शिपाई आपला, पण हुकूम सोडणारे बरेचसे अधिकारी परके. १८०३ साली इंग्रजांनी जाहीरनामा काढून त्यांना बोलावलं आणि त्यातले पुष्कळसे शिंद्यांना सोडून चालते झाले. असईला आपल्या तोफांनी वेलस्लीला घाम फोडला, पण लढाई गेली ती गेलीच. विक्रीनंतरची सेवा ऐन वेळी बंद पडणे हा प्रकार आजकालचा आहे, असं समजू नका.

आता १८५७. कंपनी सरकारच्या शिपायाजवळ ‘ब्राऊन बेस’ घराण्यातली गुळगुळीत नळीची बंदूक होती. नळीचं तोंड पाऊण इंचाचं आणि नेम शंभर यार्डांपलीकडे देवाच्या हवाली. तिच्या जागी १८५३ सालच्या नमुन्याची एन्फील्ड आली. नळी आतून पिळाची, तोंड ०.५७७ इंचाचं आणि माशीवर नऊशे यार्डांपर्यंतचे आकडे! जुनी जमा करा, नवी घ्या, वर एक पैसा मोजू नका. माझ्यासारख्याने त्याच दिवशी रांग लावली असती.

पण ही नवी बंदूकही तोंडानेच भरायची. चरबी लावलेलं कागदी काडतूस दातांनी फाडायचं, दारू ओतायची, वरून गोळी ठासायची. जानेवारी १८५७ मध्ये दमदमला कुजबुज सुरू झाली, की ही चरबी गाईची आणि डुकराची आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने हुकूम काढला, की बाबांनो, तुम्ही आपलं मेण नाहीतर तूप लावा. तेव्हा शिपाई म्हणाले, हा कागदच चकाकतोय, याच्यात काहीतरी आहे!

इतिहासकार याला अंधश्रद्धा म्हणोत की धर्मभावना, बॅंकेतल्या माणसाला हे दृश्य चांगलं ओळखीचं आहे. बॅंक बुडणार अशी एकदा अफवा उठली, की मॅनेजरने लोकांच्या समाधानासाठी काउंटरवर नोटांची चळत मांडली तरी रांगेतला माणूस म्हणतो, “एवढ्या नोटा बाहेर का काढल्या हो?” विश्वास गेला की पुरावासुद्धा संशयाच्या खाती जमा होतो. आणि विश्वास काही एका चरबीने गेला नव्हता. १८५६ साली अयोध्या खालसा केली. त्याच साली नव्या भरतीच्या शिपायाला समुद्रापार जाण्याची सक्ती केली. आणि नवा मुलूख राज्यात सामील झाला की तिथला परमुलखाचा भत्ता बंद! भत्ता बंद झाल्यावर माणसाच्या मनात काय काय येतं, हे इतिहासाच्या प्राध्यापकाला विचारू नका, मला विचारा.

खरी मेख पुढेच आहे. २४ एप्रिलला मीरतेत घोडदळाच्या ९० पैकी ८५ जणांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. ती काडतुसं नवी नव्हतीच! इतकी वर्षं वापरत होते तीच जुनी होती. उलट दातांऐवजी हातांनी कशी फाडायची, हे साहेब दाखवणार होता. तरी ८५ जण नको म्हणाले, बेड्या पडल्या आणि १० मेला भडका उडाला. म्हणजे भांडण नव्या मॉडेलचं नव्हतंच. देणाऱ्या हाताचं होतं.

हे सगळं दूर उत्तरेत झालं, आपला काय संबंध, असं म्हणू नका. ३१ जुलैच्या रात्री कोल्हापुरात मुंबई फौजेच्या २७व्या पलटणीतले शिपाई उठले, आणि त्याच पलटणीची एक तुकडी तेव्हा आपल्या रत्नागिरीत होती.

बंड मोडल्यावर साहेबाने धडा घेतला. यापुढे देशी शिपायाच्या हातात गोऱ्यापेक्षा एक पिढी जुनी बंदूक असावी. गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा देशींच्या वाट्याला स्नायडर. ही स्नायडर म्हणजे तरी काय? मूळची एन्फील्डच, मागून कापून झाकण बसवलेली. सदऱ्याची कॉलर उलटून शिवावी तशी. पुढे गोऱ्यांना ली-मेटफर्ड आली तेव्हा देशींना मार्टिनी. थोरल्याचे कपडे धाकट्याला, हा नियम फक्त आपल्याच घरात आहे असं मला लहानपणी वाटायचं!

पण धाकट्याला निदान जुना सदरा तरी मिळत होता. आपल्या जिल्ह्यातल्या कॅंप दापोलीला सैन्यातले निवृत्त लोक वस्ती करून असत. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ काही काळ तिथेच होते. १८९० नंतर सरकारने जाती ‘लढवय्या’ आणि ‘बिनलढवय्या’ अशा वाटल्या आणि पिढ्यान् पिढ्या कंपनीसाठी लढलेल्या महारांची भरतीच बंद केली. दापोलीचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. जुनी बंदूक द्या, नवी घ्या, हा सौदाच नव्हता. जुनी जमा करा आणि घरी जा, एवढंच होतं. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. एका अर्जाच्या निकालाला किती वर्षं लागावीत, याबद्दल आम्हा कारकुनांना नावं ठेवणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

१९१४ च्या शरदात हिंदी फौज फ्रान्सला पोचली, तेव्हा मात्र साहेबाला एकाएकी औदार्य सुचलं. मार्सेय बंदरावर जुन्या रायफली काढून घेऊन नव्या हातात दिल्या. हात बसायला थोडे आठवडे मिळाले, ऑक्टोबरअखेर खंदकात. स्वातंत्र्य आलं, धनी बदलला, पण १९६२ साली हिमालयात आपला जवान त्याच घराण्यातली, दर गोळीला खटका ओढायची .३०३ घेऊन चिनी स्वयंचलित बंदुकांपुढे उभा राहिला. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तर .३०३ ला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० रोजी!

या एवढ्या दीर्घ खतावणीत, ज्याची बंदूक त्यानेच निर्णय घेतला अशी नोंद मला एकच सापडली, आणि तीही नात्यातली. कोकणात शेतीरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, १९५९ च्या शस्त्र कायद्यात तशी खास सोय आहे. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, संपली की आणायची. आमच्या एका काकांकडे अशी वडिलार्जित ठासणीची आहे. मुलाने त्यांना काडतुशीची घ्या म्हणून महिनाभर छळलं. एकामागून एक दोन बार, भरायला वेळ नाही, पावसात दारू भिजत नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं, काडतुसाचा भाव विचारला, नव्या परवान्याला किती खेपा पडतील ते बोटांवर मोजलं, आणि कलमांवरच्या वानरांकडे पाहिलं.

“आपल्याला वांदर मारायचाय की हाकलायचाय?” त्यांनी विचारलं. “हाकलायला आवाज लागतो. तो हिचा मोठा आहे. वांदरास मॉडेल कळत नाही.”

माझ्या वहीत त्या बंदुकीची पुस्तकी किंमत एक रुपया आहे. काकांनी ती अजून विकलेली नाही.