साष्टी बेटावरील भाजीची टोपली

इतिहास म्हटला कीं आपल्याला किल्ले आणि तह आठवतात. शाळेंत मींही वर्षानुवर्षें तेंच शिकविलें. भाजीच्या टोपलीलाही इतिहास असतो, हें मला सेवानिवृत्तीनंतर, रक्ततपासणीचा कागद हातीं आल्यावर उमगलें. त्यांतले चरबीचे आंकडे पाहून डॉक्टरांनीं विचारलें, "गुरुजी, भाजी कोणती खातां?" मीं मोठ्या अभिमानानें उत्तर दिलें, "रोज बटाटा!"

हा बटाटा आपल्या ताटांत आला कोठून? अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं सारीं जुन्या साष्टी बेटावरचीं गांवें. १५३४ च्या वसईच्या तहानें साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, ती १७३७ मध्यें मराठ्यांनीं जिंकीपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. 'बटाटा' हा शब्दच मुळीं त्यांचा. अमेरिका खंडांतील मिरचीही त्यांच्याच गलबतांतून आली आणि तिनें आपल्या मिऱ्यांना मागें सारलें.

त्याआधीं येथें माठ, अळू, पडवळ, दुधी, कारलें यांचें राज्य होतें. चरकसंहितेंत शाकांचा स्वतंत्र वर्ग आहे. पण पालेभाज्यांची तेथें नुसती स्तुति नाहीं. त्या बहुधा जड, म्हणून उकडून, पिळून आणि स्नेह घालून खाव्यात, असा सल्ला आहे. आजचें शास्त्र थोडें निराळें बोलतें. जो चोथा पचत नाहीं, तोच उपयोगी! भेंडीचा बुळबुळीतपणा, गवारीच्या बियांतील डिंक, हे पाण्याशीं एकजीव होणारे तंतू आंतड्यांत पित्ताम्लांना धरून बाहेर नेतात. मग यकृताला नवीं पित्ताम्लें बनवावीं लागतात, आणि त्यासाठीं तें रक्तांतील कोलेस्टेरॉल ओढून घेतें. पाण्यांत न विरघळणारा चोथा कोठा साफ ठेवतो. आम्ही मात्र भेंडी तेलांत कुरकुरीत करून तो बुळबुळीतपणा घालविण्यासाठींच धडपडतों! अर्थात् वाटीभर गवारीनें औषधाची गोळी सुटत नाहीं. गुण येतो तो बेताचा, आणि नित्य खाल्ल्यासच.

१८५३ सालीं ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली. १८६४ सालीं पश्चिमेचा लोहमार्ग ग्रांट रोडला पोहोंचला. वसईच्या वाड्यांतील भाजी आणि केळीं गाडीनें शहरांत जाऊं लागलीं. पुढें त्याच गाड्यांनीं शहरांतलीं माणसें इकडे आणलीं. १९५० आणि १९५७ मध्यें उपनगरें बृहन्मुंबईंत सामील झालीं, आणि भाताचीं खाचरें व परसांतले मांडव इमारतींखालीं गेले. पडवळ सरळ वाढावें म्हणून त्याच्या टोंकाला दगड बांधीत, हें माझ्या नातवाला खरें वाटत नाहीं. त्यानें मांडवच पाहिलेला नाहीं, तर त्याचा काय दोष?

तरी ती टोपली अगदींच रिकामी झालेली नाहीं. पावसाळ्याच्या तोंडाशीं बोरिवली स्टेशनाबाहेर राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूच्या पाड्यांतील बाया शेवळें, टाकळा, पुढें कंटोळीं घेऊन बसतात. गेल्या मोसमांत मीं शेवळांची जुडी उचलली, तोंच ती बाई म्हणाली, "बाबा, काकडं पन घ्या, नाय तर घसा खाजेल." शेवळांतील खाज त्या आंबट फळानें मरते, हें मला कोणत्याही पुस्तकानें शिकविलें नव्हतें. मीं मुकाट्यानें काकडें घेतलीं. घरीं सूनबाईनें कृति विचारली, तेव्हां मला पुन्हां स्टेशनावर जावें लागलें.