मेक्सिकोच्या भिंती : एका प्रवाशाची आवड

मी चित्रकार नाही आणि चित्रांचा जाणकार टीकाकारही नाही. मेक्सिको शहरी गेलो तो साधा प्रवासी म्हणून. हाती तीनच दिवस होते, आणि ते तिन्ही तिथल्या एका जुन्या पेठेतल्या भिंती पाहण्यात गेले.

या भिंतींमागची हकीकत थोडक्यात सांगतो. १९१० साली मेक्सिकोत क्रांतीचा वणवा पेटला, तो निवायला दहा वर्षे लागली. १९२१ साली होसे वास्कोन्सेलोस शिक्षणमंत्री झाले. बहुसंख्य प्रजा निरक्षर. तिला देशाचा इतिहास पुस्तकातून कसा सांगणार? त्यांनी चित्रकारांना सरकारी इमारतींच्या भिंती देऊ केल्या. दिएगो रिव्हेरा, होसे क्लेमेंते ओरोस्को व दाविद आल्फारो सिकेइरोस हे तिघे नावारूपाला आले ते या भिंतींमुळे. रिव्हेरा इटलीतील जुनी भित्तिचित्रे पाहून आलेला. चुन्याचा गिलावा ओला आहे तोवर पाण्यात कालवलेला रंग लावायचा; चुना सुकला की रंग भिंतीचाच होऊन जातो. म्हणून एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा रोज करायचा. हात चुकला तर खरवडून काढण्यावाचून गत्यंतर नाही. (आपल्या अजिंठ्याची रीत निराळी; तेथे सुक्या गिलाव्यावर रंग आहे.)

राष्ट्रीय प्रासादाच्या जिन्यावर रिव्हेराने १९२९ ते १९३५ या काळात उभा देश रंगवला. माणसांची एवढी दाटी की पंढरीची वाट आठवावी! मी भारावून गेलो, हे कबूल करतो. पण वरच्या ओसरीत १९५१ सालचे एक चित्र आहे. त्यात १५२१ मध्ये आझ्टेकांची राजधानी जिंकणारा एर्नान कोर्तेस कुबडा, वाकड्या पायांचा, रोगट कातडीचा दाखवला आहे. जितांचा संताप मला समजतो. पारतंत्र्य आपणही भोगले आहे. तथापि मनात आले, असल्या दुबळ्या जिवाने एवढे राज्य बुडवले तरी कसे?

तेथून चार पावलांवर सान इल्देफोन्सो ही पूर्वीची विद्यार्थ्यांची शाळा. तिच्या जिन्यावर ओरोस्कोने १९२६ साली हाच कोर्तेस रंगवला. ओरोस्कोचा डावा हात तरुणपणीच स्फोटक दारूच्या अपघातात गेलेला. त्याचा कोर्तेस धिप्पाड आहे, गोरापान आहे, आणि मालिंचेचा हात हाती घेऊन बसला आहे. मालिंचे ही त्याला भेट मिळालेल्या दासींपैकी एक. पुढे त्याची दुभाषी झाली, त्याच्या मुलाची आई झाली. परकीयांची भलावण करणाऱ्याला आजही तेथे तिच्या नावावरून हिणवतात. दोघेही विवस्त्र. कोर्तेसचा दुसरा हात तिच्यापुढे आडवा आहे. तो तिला सांभाळतो आहे की अडवतो आहे, हे मला अखेरपर्यंत ठरवता आले नाही. आणि दोघांच्या पायांखाली एक एतद्देशीय देह पालथा पडलेला. येथे शिवी नाही की जयजयकार नाही. आजचा मेक्सिकन माणूस ज्या घरात जन्मला, ते घर कशावर उभे आहे एवढेच दाखवले आहे. मला विचाराल तर रिव्हेराच्या साऱ्या गर्दीपेक्षा हे तीन देह मोठे.

तिसऱ्या दिवशी मात्र हे मत थोडे मवाळ करावे लागले. शिक्षणखात्यासाठी बांधलेल्या इमारतीत रिव्हेराची दोनशेहून अधिक चित्रे आहेत. वरच्या मजल्यावर १९२८ सालचे एक चित्र आहे, ‘आपली भाकरी’ अशा अर्थाच्या नावाचे. मेजाभोवती नाना वर्णांची माणसे बसली आहेत, मधला माणूस भाकरी मोडतो आहे. तो चेहरा पांडुरंग खानखोजे यांचा, असे सांगतात. गदर चळवळीतला हा वर्ध्याचा क्रांतिकारक देशोदेशी भटकून मेक्सिकोत स्थिरावला, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागला, मका व गव्हाच्या सुधारलेल्या जातींसाठी राबला. १९६७ मध्ये ते नागपुरात वारले. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा उभारण्यात आला. आपल्याकडे किती जणांना नाव ठाऊक असेल, कोण जाणे.

शेजारी एक बाई मुलाला चित्र समजावत होती. तिला मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितले, हा आमच्या गावाकडचा. तिचा विश्वास बसला नाही. तिने पुन्हा एकदा चित्राकडे पाहिले आणि मग माझ्याकडे.