नाव आणि आयुष्य

कात्रजच्या तलावाचे पाणी पेशवाईत भूमिगत नळाने पुण्याच्या हौदांत येई. पाणी भरणाऱ्याला उगम दिसत नसे. मेंदूतील गाठींच्या नामकरणाचा इतिहासही असाच दृश्याकडून उगमाकडे गेलेला आहे. १९२६ मध्ये बेली आणि कुशिंग यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशींच्या रूपावरून ग्लायोमांना नावे दिली व त्या नावांशी रुग्णांचे आयुर्मान ताडून पाहिले. मुंबईत १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी रुजवलेली निदानपरंपराही रूप वाचण्याचीच.

२००८ मध्ये ‘आयडीएच-१’ जनुकातील बदल उजेडात आला. पुढच्याच वर्षीच्या एका अभ्यासात ‘ग्लायोब्लास्टोमा’ या एकाच नावाखालचे रुग्ण दुभंगले : आयडीएच जनुकांत बदल असलेल्यांचे मध्यक आयुर्मान ३१ महिने, नसलेल्यांचे १५. ज्याला आपण बिघाड म्हणतो, तोच येथे तुलनेने सौम्य अशा वेगळ्या रोगाची खूण ठरला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने अशा गाठींचे ते जुने नावच काढून घेतले.

मध्यक म्हणजे भाकीत नव्हे. निम्मे रुग्ण त्यापुढेही जगतात. परंतु नाव चुकले, की रुग्णाला सांगितलेले दिवसही चुकतात. शब्दांवर जगणाऱ्या आपण एवढे तरी ध्यानी घ्यावे.